आजी-आजोबांसकट अंद्रेटा

तीन पिढ्या घेऊन हिल स्टेशनला गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, इको पॉइंट, आणि प्रत्येक पॉइंटला निम्मे लोक गाडीतच, कारण कुणाचा गुडघा, कुणाला घाटात उलटी, कुणाचं रेंज नाही म्हणून तोंड फुगलेलं. यंदा मी घरच्या ग्रुपवर सरळ टाकलं की एकही पॉइंट बघायचा नाहीये, एका गावात जाऊन राहायचं, आणि गाव म्हणजे अंद्रेटा. त्यावर बाबांचा पहिला रिप्लाय, "तिथे रेल्वे जाते का?"

तर जाते. म्हणजे जवळून जाते. अंद्रेटा हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात, पालमपूरपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. उंची फार नाही, त्यामुळे बीपीवाल्यांना त्रास नाही, पण समोर धौलाधार डोंगररांगेची भिंत अशी उभी की एप्रिल संपत आला तरी वर बर्फ. गाव म्हणावं तर चार गल्ल्या, बांबूची बेटं, दगडी पाट्यांची छपरं. पण कलाकारांचं गाव म्हणून शंभरेक वर्षांचं नाव आहे आणि ते नाव एका आयरिश बाईमुळे झालं. नोरा रिचर्ड्स. नवरा लाहोरच्या दयाल सिंग कॉलेजात शिकवायला आला म्हणून ही १९११ मध्ये आली, मूळची नाटकातली नटी. तिने तिथल्या पोरांना सांगितलं की शेक्सपियर पुरे, आपल्या पंजाबीत आपल्या गावाची नाटकं लिहा. पुढे नवरा गेल्यावर ती इथे येऊन मातीच्या घरात राहिली आणि १९७१ मध्ये इथेच गेली. तिच्यामागे बाकीचे आले, चित्रकार सोभा सिंग आले, दिल्लीच्या निळ्या पॉटरीवाले गुरचरण सिंग आले.

आमची वरात म्हणजे मी, नवरा, दोन पोरं, माझे आईबाबा आणि सासूबाई. मुंबई-अमृतसर विमान, पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. अमृतसरहून थेट पठाणकोटला सुटायचा प्लॅन होता पण आई म्हणाली घुमानला जायचंच, त्यावर चर्चा नाही. आई अंबाजोगाईची, घरात वारी. नामदेव महाराज पंजाबात ज्या गावात राहिले ते घुमान, आणि २०१५ चं साहित्य संमेलन तिथे झालं तेव्हा तिच्या मैत्रिणी जाऊन आल्या होत्या आणि ही राहिली होती, ती सल होतीच. गुरुद्वाऱ्यात सेवादार काका "बाबा नामदेव जी" म्हणत होते आणि आई "आमचे नामदेव" म्हणत होती, आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत हे काकांनी अभिमानाने सांगितल्यावर आईने तितक्याच अभिमानाने मान डोलावली, जसं काही तिनेच पाठवली होती. लंगरमध्ये खीर मिळाली. सासूबाईंनी दोनदा घेतली, शुगरचा विषय मी काढला नाही.

होमस्टे बुक करताना मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या, खाली तळमजल्यावर खोल्या आहेत का आणि वेस्टर्न कमोड आहे का. व्ह्यू-बिव्ह्यू नंतर. म्हातारी माणसं बरोबर असली की ट्रिपचं यश ह्या दोन उत्तरांवर असतं, हे कुठल्याच ट्रॅव्हल रीलमध्ये कुणी सांगत नाही.

पॉटरीची जागा गावातच आहे. गुरचरण सिंगांचा मुलगा मनसिमरन, सगळे मिनी म्हणायचे, आणि त्याची बायको मेरी यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली. लाल माती, त्यावर पातळ पांढऱ्या मातीची नक्षी आणि वर पारदर्शक ग्लेझ, असे मग आणि ताटल्या तिथे होतात, शिवाय जुन्या मातीच्या भांड्यांचं एक छोटं म्युझियम आहे. आम्ही चाकावर बसायचं ठरवलं. लेकीला (वय आठ) वाटलेलं पटकन फुलदाणी होईल. होत नाही. मातीचा गोळा आधी चाकाच्या बरोब्बर मधोमध बसवावा लागतो, आणि तो बसेपर्यंत दोन्ही हातात थाडथाड उड्या मारतो. कोपर मांडीला टेकवून हात स्थिर धरायचा, आणि जोर लावायचा तो अंगाने, मनगटाने नाही. माझा गोळा तीनदा फेकला गेला, नवऱ्याचा तर उडून भिंतीला चिकटला, दहावीतला मुलगा कंटाळून फोन शोधायला लागला.

आणि मग आई बसली. आधी नाही नाही म्हणत होती, साडी खराब होईल म्हणून. शिकवणाऱ्या मुलाने ॲप्रन दिला. तिने माती हातात घेतली, दाबून बघितली, म्हणाली "अजून जरा मळायला हवी होती." त्या मुलाने माझ्याकडे बघितलं, मी हिंदीत सांगितलं, तो म्हणाला बरोबर आहे. पन्नास वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या थापलेले हात, तळव्याच्या खालच्या भागाने ढकलायचं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गोळा मधोमध बसला. अंगठा आत घातला, भिंत वर उचलली आणि जे तयार झालं ते थोडं वाकडं पण वाडगं होतं. मुलगा फोन विसरून व्हिडिओ काढत होता (म्हणजे फोन सापडला होता). सासूबाईंना आता चैन पडेना, "विहीणबाई, सरका जरा," म्हणून त्या बसल्या आणि त्यांची पणती झाली. करायला घेतला होता कॉफीचा मग. पण पणती सुंदर.

कच्ची भांडी लगेच मिळत नाहीत हे लक्षात ठेवा, वाळायला आणि भट्टीला वेळ लागतो, मागाहून पाठवायचं ते तिथे बोलून घ्यायचं.

सोभा सिंगांची आर्ट गॅलरी चालत जाण्यासारखी. लहानपणापासून टॅक्सीत, ढाब्यावर, शीख मित्राच्या घरी गुरू नानकांचं जे चित्र बघितलंय, अर्धे मिटलेले डोळे आणि आशीर्वादाचा हात, ते ह्या माणसाचं. पहिल्या महायुद्धानंतर हे बगदादकडे फौजेत ड्राफ्ट्समन होते. फाळणीत लाहोरमधलं सगळं सोडून आले आणि पुढे १९८६ मध्ये जाईपर्यंत अंद्रेटाच. सोहनी-महिवाल ह्या पंजाबी प्रेमकथेचं चित्र तिथे लागलेलं आहे. लेकीने विचारलं ही बाई मडकं धरून नदीत का उतरलीये, मग सासूबाईंनी जी गोष्ट सांगितली ती अर्धी सोहनीची आणि अर्धी त्यांच्या चिपळूणच्या वाशिष्ठीच्या पुराची होती. कुणी मधे बोललं नाही, चांगली चालली होती.

बाबांचं रेल्वे प्रकरण. कांगडा व्हॅली रेल्वे, पठाणकोट ते जोगिंदरनगर, १६४ किलोमीटर, १९२९ ची. जोगिंदरनगरच्या शानन वीज प्रकल्पाचं सामान वर न्यायला बांधलेली. अंद्रेट्याला जवळचं स्टेशन पंचरुखी. ऑगस्ट २०२२ मध्ये पठाणकोटजवळचा चक्की नदीवरचा पूल पुरात कोसळला आणि तेव्हापासून ह्या गाडीचं आज आहे उद्या नाही असं चाललेलं, आम्ही होतो तेव्हा आमच्या टप्प्यात बंद. मला वाटलं बाबा नाराज होणार. ते परळ वर्कशॉपातून रिटायर झालेले, त्यांना रिकामं स्टेशन म्हणजे उलट पर्वणी. दोन रुळांच्या मधे पावलं टाकून माप घेतलं, "माथेरानची दोन फुटी, ही अडीच फुटी," मग वाकून फिशप्लेटचे (रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट बघितले, मग स्लीपर, मग नातवाला बोलावून ट्रॅक वळणावर एका बाजूने उचललेला का असतो ते समजावलं. पोरगा दहावीला फिजिक्सच्या क्लासला जातो, फी विचारू नका, आणि हे त्याला पंचरुखीच्या रुळावर कळलं. सगळ्या लाइनवर बोगदे दोनच आहेत, म्हणजे इंजिनियरने डोंगर फोडण्याऐवजी वळसे घालून पूल बांधत नेलं, असं बाबा जेवताना सगळ्यांना परत सांगत होते.

बैजनाथलाही गेलो, १२०४ चं दगडी देऊळ, १९०५ च्या भूकंपात कांगडा खोरं उद्ध्वस्त झालं तरी हे उभं राहिलं. इथे दसऱ्याला रावण जाळत नाहीत कारण रावणाने इथेच शंकराची तपश्चर्या केली असं मानतात. आता आमची आई परळीच्या शेजारची! वैजनाथ म्हणजे परळी, ज्योतिर्लिंग तिथलं, हे तिने पुजाऱ्याला मराठीमिश्रित हिंदीत सुनावलं, तो हसून म्हणाला माताजी, झारखंडचे देवघरवाले पण हेच म्हणतात. दक्षिणा मात्र तिने व्यवस्थित ठेवली.

मुलाला बीर-बिलिंगचं पॅराग्लायडिंग हवं होतं, ते झालं, खाली उतरल्यावर पोरगा ठीक होता आणि माझे पाय थरथरत होते, एवढंच.

खरी मजा जेवणात. होमस्टेवाल्यांच्या भावकीत मुंडन होतं, त्यांनी आम्हालाही बोलावलं. तिथे धाम असते, म्हणजे पंगत. बोटी नावाचे आचारी पितळी हंड्यांत लाकडावर रांधतात, कांदा-लसूण नाही, जमिनीवर रांगेत बसायचं, पत्रावळीवर आधी भात आणि मग एकेक प्रकार वाढत येतात. दह्यातला मद्रा, उडदाची डाळ, चिंचेचा खट्टा, शेवटी गोड भात. कोकणातल्या बाईसमोर एवढा भात आल्यावर सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता. बाबांना खाली बसवेना तर एक पोरगा पळत जाऊन खुर्ची घेऊन आला, पत्रावळ स्टुलावर.

बाकी वेळ आम्ही काहीच केलं नाही. रस्त्याकडेने कूहल वाहतात, डोंगरातल्या खड्डांचं म्हणजे ओढ्यांचं पाणी शेतात नेणारे पाट, त्यात लेक पानं सोडायची आणि आई ओरडायची पडशील. मुलगा आणि बाबा चहाच्या मळ्यात फिरून यायचे.

जायचं असेल तर मार्च ते जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, जुलै-ऑगस्टमध्ये कांगड्यात पाऊस झोडपतो. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर २९ तारखेला नोराचा वाढदिवस असतो, तिचं घर आता पटियालाच्या पंजाबी विद्यापीठाकडे आहे आणि विद्यार्थी येऊन तिथे नाटक करतात. गाडी सुरू आहे का ते रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या. बाबा रोज बघतात.