होय, पाचही नद्या मला येतात

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला एकत्र येतात, तिथून पुढे पंचगंगा, आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. झालं समाधान?

अधिकारी व्हायच्या परीक्षेच्या मुलाखतीत कोल्हापूरच्या पोरीला पंचगंगेच्या नद्या सांगता आल्या नाहीत, ही बातमी गल्लीत कुणी आणली ते मला माहीत आहे. त्या मैत्रिणीवर आता राग नाही. म्हणजे थोडा आहे. पण तेव्हापासून लग्नघरात, हळदीकुंकवाला, रंकाळ्यावर फिरताना, एकदा तर अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, एवढं साधं कसं काय आठवलं नाही गं तुला?" काहीजण मायेनं विचारतात, काहीजणांना नुसती मजा वाटते. अभ्यासिकेतली पोरं मात्र हळूच बाजूला घेऊन विचारतात, "ताई, आमचं पण असं हुईल काय?" त्या पोरांना नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून हे एकदाचं लिहून टाकते. बाकीच्यांनीही वाचावं आणि मला चहा निवांत पिऊ द्यावा.

नद्यांचं आणि माझं नातं काय ते आधी सांगते. माझं आजोळ परित्याकडचं. आजोबांचा ऊस भोगावती कारखान्याला जायचा. गळीत हंगामात त्या घरात देवापेक्षा भोगावतीचं नाव जास्त घेतलं जायचं: भोगावतीची तोड आली का, भोगावतीनं बिल काढलं का. म्हणजे ते नाव मी पुस्तकात पाठ केलेलं नव्हतंच, ते कानावरूनच आलेलं. तरीही गेलं.

मुलाखतीच्या आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघाले. वरचा बर्थ होता, झोप लागली नाही. सकाळी कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर माझ्या आधीची मुलं एकेक करून आत जाताना बघत बसले. बराच वेळ बसले. शेजारचा मुलगा शेवटच्या क्षणापर्यंत वहीतले मुद्दे ओठांनी घोकत होता आणि मला त्याची कीव येत होती, कारण मी स्वतः अगदी शांत आहे अशी माझी समजूत होती. तळहात मात्र ओले होते. ओढणीला पुसत होते ते आठवतंय.

आत गेल्यावर पहिले दोन प्रश्न सरळ होते: नाव, शिक्षण. प्राणिशास्त्रात एमएस्सी, शिवाजी विद्यापीठ. मग मधल्या सरांनी हसून, मला मोकळं करायला म्हणूनच बहुतेक, विचारलं, "कोल्हापूरच्या ना? मग पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या?"

मी म्हणाले, "कुंभी, कासारी..." आणि थांबले. ही दोन नावं जोडीनंच आली, कुडित्र्याच्या कारखान्याच्या नावात ती तशीच जोडीनं आहेत ना, म्हणून. पुढे अंधार वगैरे झाला नाही. लोकांना वाटतं डोकं रिकामं होतं. माझं डोकं भरलेलं होतं. वारणा आली, वेदगंगा आली, हिरण्यकेशी आली, सगळ्या आमच्याच जिल्ह्यातल्या आणि सगळ्या चुकीच्या. प्रत्येक नाव येऊन दारात उभं राहायचं आणि मागच्याला वाट द्यायचं नाही. मी एकीकडे "ही नव्हे" म्हणत होते, दुसरीकडे तीन चेहरे बघत होते, तिसरीकडे आपला चेहरा कसा दिसत असेल याचा विचार करत होते. शेवटी तोंडातून निघालं, "दूधगंगा." डावीकडच्या बाईंनी भुवई वर केली. "दूधगंगा पंचगंगेला मिळते?" मिळत नाही. दूधगंगा स्वतंत्रपणे कृष्णेला मिळते, हे मला त्याही क्षणी माहीत होतं. मी "नाही मॅडम" म्हणाले आणि गप्प बसले. मधले सर म्हणाले, "बरं, राहू द्या." त्या 'राहू द्या'नंतरची सगळी मुलाखत मी दिली असणार, कारण वेळ गेला होता, पण काय बोलले ते धड सांगता येत नाही. बाहेर आले, जिना उतरले, रस्त्यावर पहिली बस दिसली आणि तुळशी, भोगावती दोन्ही नावं आपोआप आली. तिथंच फुटपाथवर रडले. तेही सगळ्यांना माहीत आहेच.

यात काय झालं याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि ते मी अकरावी-बारावीच्या पोरांना तासिका तत्त्वावर शिकवते, हा विनोद माझ्या आधीच लक्षात आलेला आहे. तुम्ही करू नका. धोका दिसला की ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन काही सेकंदांत सुटतं. ताणाचं दुसरं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल, त्याचं काम सावकाश चालतं: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला निरोप, पिट्युटरीकडून ॲड्रिनलच्या सालीला. ते शिगेला पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे मी बाकावर 'शांत' बसले होते तेव्हा ते चढत होतं. आणि आठवणींचं जे मोठं ठाणं, हिप्पोकॅम्पस, तिथंच या संप्रेरकाला धरून ठेवणारी ठिकाणं खच्चून भरलेली असतात. ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ साली उंदरांच्या मेंदूत ते दाखवलं. २००० साली झुरिकला द क्वेर्व्हँ आणि सहकाऱ्यांनी लोकांना शब्द पाठ करायला दिले आणि नंतर कॉर्टिसोनची गोळी दिली (शरीरात त्याचं कॉर्टिसॉलच होतं). शब्द आठवायच्या तासभर आधी गोळी घेतलेल्यांना ते कमी आठवले. पाठ केल्यावर लगेच गोळी घेतलेल्यांचं काही बिघडलं नाही. शिकलेलं पुसलं जात नाही, बाहेर काढायची वाट अडते. माझ्या नद्या जिन्याखाली परत आल्या त्या यामुळेच.

आणि दुसरी बाजू अशी, की तोच रसायनांचा लोंढा नवीन आठवण मात्र पक्की करतो. १९९४ साली केहिल आणि मॅकगॉ यांच्या प्रयोगात भावना हलवणारी गोष्ट लोकांना जास्त लक्षात राहिली. ॲड्रिनलिनचा परिणाम रोखणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घेतलेल्यांना तसा फायदा झाला नाही. माझ्या बाबतीत टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यावरचं झाकण, बाईंच्या पेनची हिरवी शाई, सरांची 'राहू द्या' म्हणायची पट्टी, सगळं जसंच्या तसं आहे. नद्या गेल्या आणि हे राहिलं. हा न्याय मला अजून पटलेला नाही.

"टेन्शन घ्यायचंच कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच: राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्यानं पातळी गाठली की आपले आपण उघडतात. तिथं कुणी बटण दाबायला बसलेलं नसतं.

दाजींना हे पटलं नाही. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, नद्यांचा विषय सगळ्यात जास्त वेळा काढणारे गृहस्थ. दिवाळीला सगळी जमली होती, तेव्हा मी त्यांना उभं केलं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी ताण मोजायची एक चाचणी बसवली. अनोळखी परीक्षकांपुढे आधी पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं तोंडी गणित: १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. परीक्षकांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही. थुंकीतलं कॉर्टिसॉल दुपटी-चौपटीनं वाढतं. मी घरच्यांना सांगितलं, कुणी हसायचं नाही. दाजी १००९, ९९६, ९८३ पर्यंत तोऱ्यात गेले, ९७० नंतर थांबले, मग ९५९ म्हणाले. "परत," मी म्हणाले. दुसऱ्यांदा ९९६ लाच अडकले. व्यापारी माणूस, उद्यमनगरात रोज तोंडानं हिशेब करणारा.

मला वाटलं जिंकले. पण दाजी खो खो हसले, चिवड्याची वाटी उचलली आणि म्हणाले, "चुकलो बघ. पण मला कुठं काय झालं?" खरंच त्यांना काही झालं नव्हतं. उत्तर मला नंतर सुचलं, नेहमीप्रमाणे: डिकरसन आणि केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त चढलं ते दोन गोष्टी एकदम आल्या तिथं. लोक आपली पारख करताहेत, आणि निकाल आपल्या हातात नाही. दाजींची पारख कोण करणार? चिवडाही त्यांच्याच घरचा. पण हे सांगताना आतून एक आवाज येतोच, की बाकावर शेजारी बसलेला तो घोकणारा मुलगाही त्याच खोलीत गेला होता, आणि त्याची निवड झाली.

इथं माझं मलाच पटवता येत नाही. माझी थुंकी कुणी घेतलेली नाही. माझं कॉर्टिसॉल किती होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. बायलॉक आणि कार यांचा २००५ चा अभ्यास वाचला, की दडपणाखाली जास्त घसरतात ते चांगली कार्यस्मृती, म्हणजे काम करताना गोष्टी मनात धरून ठेवायची ताकद, असलेलेच, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. म्हणजे हुशार आहे म्हणूनच अडकले! मग नीट वाचलं. तो अभ्यास अवघड गणितांचा होता, ज्यात मनात आकडे धरून ठेवावे लागतात. पाच नद्यांची नावं सांगायला कसली कार्यस्मृती लागते?

मुलाखतीआधीची मी तर याहून पुढची. अभ्यासिकेच्या फळ्यावर उलट्या 'यू'चा आलेख काढून ज्युनिअर पोरांना सांगायची, थोडा ताण हवाच, ताणाशिवाय धार येत नाही. ती मी आता भेटले तर तिला सांगेन, की यर्कस आणि डॉडसन यांचा १९०८ चा तो प्रयोग गिरक्या घेणाऱ्या छोट्या उंदरांवरचा होता. चुकीच्या पेटीत शिरला की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ठळक असेल तर जोराच्या झटक्यानं उंदीर लवकर शिकला, फरक ओळखायला अवघड असेल तर मध्यम झटकाच बरा पडला. त्यात मुलाखत नव्हती, आणि उंदरांच्या बापानं क्लासच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं नव्हतं. ती मात्र गप्प बसणार नाही. म्हणेल, पूर्वपरीक्षेला शेवटच्या अर्ध्या तासात तुझा पेपर कसा धावला, तो कशामुळं? तिच्याकडेही मुद्दा आहे.

पण तुम्ही सगळे मुलाखतीच्या त्या थोड्या वेळाबद्दलच विचारता. त्याच्या आधीची वर्षं कुणी विचारत नाही. पहिल्या मुख्य परीक्षेपासून माझं तोंड सतत यायचं. एक फोड बरा होईपर्यंत दुसरा. आई म्हणायची उष्णता, सब्जा आणि गुलकंद चालू. पाळी पुढेमागे. प्रत्येक परीक्षेला सर्दी ठरलेली, घरात थट्टा व्हायची. नंतर वाचलं, की १९९१ साली शेल्डन कोहेन यांनी ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू घातले होते, आणि ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त ते जास्त प्रमाणात आजारी पडले. १९९८ साली अमेरिकेत दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला मुद्दाम छोटी जखम केली, एकदा उन्हाळी सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. हे वाचताना जीभ आपोआप गालाच्या आतून फिरली. शरीर रोजरोज जुळवून घेताना जी झीज होते तिला मॅकइवेन आणि स्टेलर यांनी १९९३ मध्ये 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. आमच्या अभ्यासिकेत तिला 'सिन्सिअर आहे पोरगी' म्हणायचे.

परीक्षा सोडल्यावर तोंड येणं थांबलं. लगेच नाही, हळूहळू. म्हणून "पुन्हा का बसली नाहीस?" या प्रश्नाला मी बराच काळ "घरची परिस्थिती" असं उत्तर दिलं, कारण "माझं तोंड यायचं" हे कारण कुणाला सांगणार? ते पुरेसं कारण आहे का, हेही मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं शरीरानं शहाणपणा केला, कधी वाटतं मी फोडांच्या आड लपले.

अभ्यासिकेतल्या पोरांनो, तुमचं उत्तर: होय, तुमचंही होऊ शकतं. नुसतं वाचत बसू नका, पुस्तक मिटून स्वतःला विचारत राहा. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात तसं शिकलेल्यांची आठवण ताणातही टिकली. (नद्यांची नावं तर आजोबांनी मला शंभरदा विचारली असतील, तरी गेली. पण माझ्यावरून नियम काढू नका.) सरावाची मुलाखत ओळखीच्या सरांपुढे देऊ नका, न हसणाऱ्या परक्या माणसांपुढे द्या. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढा. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं की घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यानं वाढतात. आदल्या रात्री वरचा बर्थ घेऊ नका. आणि तोंड येत असेल तर ते कुणाला तरी सांगा.

माझं वय अजून बसतं. आईला वाटतं मी बसावं. जाहिरात आली की फॉर्म भरणार का ते मला माहीत नाही, म्हणून तुम्हालाही सांगता येणार नाही. विचारायचंच असेल तर नद्यांचं सोडा. मुलाखतीचे गुण मला बरे पडले होते. यादीतून मी बाहेर गेले ती मुख्य परीक्षेच्या एका पेपरमुळे, जो मी नीट झोपून, काहीही न विसरता, अगदी शांतपणे लिहिला होता.