एकही वटवाघूळ न पकडता २,४०० डॉलर

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो, ऑल्बनीपासून अर्ध्या तासावर. घर जुनं, लाकडी. मागच्या जूनमध्ये एका रात्री दिवाणखान्यात काहीतरी गरगर फिरायला लागलं. नवऱ्याने दिवे मालवून खिडकी उघडली, ते निघून गेलं आणि आम्ही स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, त्या खोलीत कुणी झोपलं होतं का, आणि वटवाघूळ धरून ठेवलंय का. धरून? पण त्यांचं बरोबर होतं. त्याचे दात इतके बारीक असतात की झोपेत चावलेलं कळतही नाही, आणि रेबीजची तपासणी करायची तर प्राणी हाताशी लागतो. तो सोडून दिला की झोपलेल्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लशीचे चार डोस, म्हणजे इथे हजारो डॉलरचं बिल. लेक वरच्या खोलीत दार लावून झोपली होती, म्हणून निभावलं.

मग माळ्यावरची वटवाघळं घालवणारी माणसं बोलावली. पहिला म्हणाला, ६५० डॉलर, उद्याच सगळी भोकं बुजवतो. दुसरा म्हणाला २,४००, पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत हात लावणार नाही. सासरे तेव्हा राजापूरहून आलेले होते. ते म्हणाले, "अगो, जास्त पैसे घेऊन वर दोन महिने थांबायला सांगतो?" आमच्या गावच्या माळ्यावर पिढ्यान् पिढ्या वाघळं आहेत आणि त्यांच्यावर कुणी दमडी खर्च केलेली नाही, हेही ऐकवून झालं. घराचा विमा आहे ना, असंही वाटलं होतं. एजंटने सांगितलं, असल्या प्राण्यांचं काही त्यात बसत नाही.

दुसऱ्याने थांबण्याचं कारण सांगितलं ते असं. उन्हाळ्यात माळ्यावर माद्या आणि पिल्लं असतात. मादीला वर्षाला एखादंच पिल्लू, फार तर दोन, आणि जूनमध्ये ती उडू शकत नाहीत. भोकं बुजवली की आया बाहेर, पिल्लं आत. ती तिथेच मरतात, वास सुटतो, नाहीतर घरात उतरतात. शिवाय २००६ साली याच भागातल्या एका गुहेत वटवाघळांचा तो पांढऱ्या नाकाचा बुरशीरोग पहिल्यांदा दिसला आणि पुढे अमेरिकेत ती लाखोंनी मेली. आपल्या घरात त्यात भर नको, एवढं तरी मला वाटलं.

एका संध्याकाळी त्याने आम्हाला अंगणात खुर्च्या टाकून बसवलं. अंधार पडला तशी चिमणीच्या बुडाशी असलेल्या फटीतून एकेक निघायला लागली. सासऱ्यांनी चहाचा कप हातात धरून ३७ मोजली. फट जेमतेम बोट जाईल एवढी, आणि तिच्या कडेला त्यांच्या अंगाचा काळा, तेलकट डाग. खालच्या लेंड्या त्याने हातमोजा घालून चुरडून दाखवल्या. उंदराच्या असत्या तर असा भुगा झाला नसता. त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे होते. खत मिळालं म्हणून सासऱ्यांचा डोळा लगेच माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे गेला. झाडू घेऊन वर जायला निघालेल्या त्यांना थांबवणं हे त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात कठीण काम. त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून मास्क लावून, ओलं करून काढायचं असतं.

ऑगस्टच्या अखेरीस दोन माणसं दोन दिवस शिडीवर होती. छताच्या कडा, चिमणी, गॅबलच्या (छताखालच्या त्रिकोणी भिंतीच्या) जाळ्या, सगळीकडच्या २३ फटी बुजवल्या. मुख्य भोकाला फक्त बाहेर उघडणारी नळी बसवली. निघालेलं वटवाघूळ परत आत येऊ शकत नाही. आठवड्याने नळी काढून तेही बंद केलं. कुणी एकाही वटवाघळाला हात लावला नाही. पैसे गेले ते फटी शोधण्याचे आणि शिडीवरच्या तासांचे, आणि वटवाघळं खारीसारखी लाकूड कुरतडत नाहीत, म्हणून बुजवलेलं बुजलेलं राहतं.

या जूनमध्ये परत अंगणात बसले. शून्य. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना आकडा सांगितला तर चक्क हिरमुसले. परवा पलीकडच्या घरातल्या बाई कुंपणाशी आल्या, गॅरेजच्या छतात काहीतरी फडफडतंय म्हणाल्या, आणि आमच्या त्या माणसाचा नंबर मागितला. मी दिला, आणि लगेच आत आले.