तीन बाटल्या फुटल्या, पण खोका अख्खा गेला

जूनमध्ये पावसानं जोर धरला आणि त्याच सुमारास संकेश्वरकडच्या एका महिला बचत गटाचा काकवीचा माल चोर्ला घाटातून टेम्पोनं गोव्याला गेला. ५०० मिलीच्या काचेच्या बाटल्या, एका खोक्यात बारा. दुकानदारानं त्यातले बरेच खोके परत पाठवले. गटाच्या अक्का ते घेऊन बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या बॉक्स युनिटला आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "फाइव्ह प्लाय टिकत न्हाई दादा, सेव्हन प्लाय करून द्या की." प्लाय म्हणजे पुठ्ठ्यातले कागदाचे थर.

ऑर्डर लिहून घेण्याआधी मी त्यांच्याकडे न उघडलेला, न पुसलेला एक खोका मागितला. धुऊन-पुसून आणलेल्या मालातून काही कळत नाही. काच कुठे फुटली, ओल कुठून चढली, टेप कुठे सुटली, हे सगळं त्या चिकट खोक्यातच लिहिलेलं असतं.

खोका वरून उघडला. आत पार्टिशन, म्हणजे बाटल्यांमधले पुठ्ठ्याचे आडोसे, नव्हतं, खर्च वाचवायला काढलेलं. बाटल्यांमध्ये रद्दीचे बोळे कोंबलेले होते. तीन बाटल्या फुटल्या होत्या आणि तिन्ही मधल्या भागातल्या, एकमेकींना लागून असलेल्या. खोक्याच्या कोपऱ्यातली एकही फुटली नव्हती. खोका आदळून बाहेरून मार बसला असता तर कोपऱ्यातल्या बाटल्या आधी गेल्या असत्या. शिवाय तुकडे जुळवून पाहिल्यावर प्रत्येकीच्या पोटावर, शेजारणीला टेकते नेमकी त्या जागी, चांदणीसारखी ठिकरी आणि तिथून चहूकडे गेलेले तडे दिसले. ही ठोशाची खूण. गरम-थंडाच्या धक्क्यानं फुटलेल्या बाटलीचा तडा बहुधा बुडाजवळ सुरू होतो आणि फारसे फाटे न फुटता वळत जातो. म्हणजे घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत बाटल्याच एकमेकींना फोडत होत्या. पुठ्ठा सात प्लायचा केला असता तरी आतला हा मार थांबला नसता.

मोकळी जागा किती होती ते मोजलं. बाटलीचा व्यास ७२ मिमी. चार बाय तीनची मांडणी म्हणजे २८८ बाय २१६. खोक्याचं आतलं माप ३१० बाय २३५, म्हणजे एका बाजूला २२ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १९ मिमी मोकळं. रद्दी पहिल्या तासाभरात दबते आणि पुन्हा फुगत नाही. मग बाटल्यांना धाव घ्यायला जागा मिळते. खानापूरची मडकी भाताच्या पिंजरात नीट जातात, मग बाटल्या का नाही, असं अक्कांनी विचारलं. पिंजर दाबल्यावर थोडं परत उसळतं, हा त्याचा गुण खराच. पण पावसाळ्यात ते ओल धरतं, बुरशी येते, किडे येतात. खाण्याच्या मालाच्या खोक्यात ते नको.

दुसऱ्या खोक्यात मात्र वेगळंच निघालं. एकही बाटली फुटलेली नव्हती आणि तरी तळ काकवीनं भिजलेला. झाकणं हातानं फिरवून पाहिली तर दोन सैल. तिसरं उघडताना फस्स आवाज आला आणि वर फेस. म्हणजे काकवी आतल्या आत आंबत होती, वायू धरत होती आणि झाकण उचलत होती. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, ६२ च्या आसपास निघाला. काकवी पातळ राहिली, पाणी जास्त राहिलं, की यीस्टला फावतं. हंगामात रस आटवायच्या काहिलीतून लवकर उतरवलेला हा घाणा, म्हणजे एका वेळचा माल, असणार. तो डब्यांत भरून ठेवला होता, मे महिन्याच्या उन्हाळ्यातून गेला आणि मागणी आली तशा बाटल्या भरल्या. भरताना काठावर सांडलेली काकवी न पुसताच झाकण लावलेलं, त्यामुळे झाकणाच्या आतल्या रबरासारख्या थराला काचेची पकडच मिळाली नव्हती. त्यात बाटली गळ्यापर्यंत भरलेली, फुगायला जागा नाही.

इथे पॅकिंगचं काम खोक्याच्या आधी, बाटली भरतानाच सुरू होतं. आम्ही ठरवलं ते असं. काकवी परत तापवून १०५ अंशांपर्यंत न्यायची, थंड नमुन्याचा ब्रिक्स ७० च्या वर आला की नाही ते पाहायचं. बाटल्या धुऊन, पूर्ण वाळवून कोमट करायच्या, कारण काच आणि काकवी यांच्या तापमानात ४० अंशांहून जास्त फरक पडला तर साधी काच तडकते. भरताना काकवी ८५ अंशांच्या आसपास हवी. वर १० ते १२ मिमी जागा सोडायची. काठ आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. लगेच लग कॅप (थोडं फिरवून बसणारं पत्र्याचं झाकण) घट्ट लावून बाटली मिनिटभर उलटी धरायची. निवल्यावर झाकणाचा मधला भाग आत ओढलेला दिसला पाहिजे. बोट दाबल्यावर टक्कन वाजणारी बाटली खोक्यात जाऊ द्यायची नाही. लेबल सगळ्यात शेवटी, काच थंड आणि कोरडी झाल्यावर.

आता पुठ्ठा. गिऱ्हाईक बर्स्टिंग, म्हणजे कागद किती दाबाला फाटतो ते, विचारतं, तेच त्याला माहीत असतं. कागदाच्या जीएसएमला (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) बीएफनं (बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या प्रतीचा आकडा) गुणून हजारानं भागायचं. १५० जीएसएम, २० बीएफ म्हणजे ३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. पण हा आकडा भोसकण्या-फाटण्याबद्दल सांगतो, थप्पी पेलण्याबद्दल नाही. अमेरिकेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेलं सूत्र आजही वापरतात. त्यानुसार खोक्याची उभी ताकद ठरते ती पुठ्ठ्याची कड किती दाब सोसते, पुठ्ठा किती जाड आहे आणि खोक्याचा परीघ किती आहे यावर. आणि वजनाचा बराचसा भार चार उभे कोपरे घेतात. भरलेला खोका साडेबारा किलो. सहाची थप्पी लावली तर तळच्यावर पाच खोके, म्हणजे ६२.५ किलो. ओल, हादरे आणि दिवस यांचा विचार करून त्याला पाचनं गुणतो, ३१२ किलो होतात. चांगल्या कागदाची फाइव्ह प्लाय पेटी कोरडी असताना हे पेलते.

अडचण 'कोरडी असताना' या दोन शब्दांत होती. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्मी होते. जून ते सप्टेंबर चोर्ल्यापासून खानापूरपर्यंत हवा तशीच असते. रिकामे खोके कुठे ठेवता, असं विचारल्यावर कळलं की हंगाम संपलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, थेट मातीच्या जमिनीवर. म्हणजे माल भरण्याआधीच खालचे खोके मऊ पडले होते. थर चिकटवायची खळ स्टार्चची असते, ती ओलीनं सुटते आणि थर वेगळे होतात. नखानं वरचा कागद उचलून पाहिला तर सहज सुटून आला. त्यात टेम्पोवाल्यानं खोके विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून रचले होते. तसं रचलं की थप्पी ढळत नाही हे खरं, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो आणि पेलण्याची ताकद निम्म्यापर्यंत जाऊ शकते. तळच्या खोक्यांची पोटं फुगली होती ती यामुळे. अशा मालाला कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ उभी थप्पीच हवी, आणि ढळू नये म्हणून दोरी.

नवीन खोक्याचं माप बाटलीवरून काढलं. पार्टिशन थ्री प्लाय नॅरो फ्लूटचं (फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला नागमोडी कागद), जाडी ३ मिमी. लांबीत चार बाटल्या २८८, मधली तीन पार्टिशनं ९, प्रत्येक खणात २ मिमी सैलपणा म्हणजे ८. एकूण ३०५. रुंदीत २१६ अधिक ६ अधिक ६, म्हणजे २२८. पार्टिशनची उंची झाकणाच्या माथ्याबरोबर घेतली. खांद्यापर्यंतच कापलेलं पार्टिशन स्वस्त पडतं, पण बाटलीचा वरचा भाग डुलत राहतो आणि थप्पीचं वजन घ्यायला काहीच उरत नाही. खाली-वर एकेक थ्री प्लाय प्लेट. खोका बंद केल्यावर हलवून आवाज आला नाही पाहिजे. चारही भिंतींत फ्लूट उभीच असली पाहिजे. पुठ्ठ्याची कातरण वाचवायला शीट आडवं लावणारे असतात, त्या खोक्याला थप्पी कधी लावू नये. प्लाय पाचच ठेवले, फक्त खळीत पाणी सोसणारं रेझिन आणि बाहेरचा कागद चांगला. टेप ७२ मिमीची, मधली शीव आणि दोन्ही टोकं धरून एचच्या आकारात. पुठ्ठ्यावरची धूळ आधी पुसायची, नाहीतर टेप कागदाला न चिकटता धुळीला चिकटते.

माल पाठवण्याआधी काकवी भरलेला खोका टाकून पाहिला. वाहतुकीच्या पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा (ISTA) या संस्थेच्या पद्धतीत साधारण साडेनऊ ते साडेअठरा किलोच्या खोक्याला उंची ६१ सेंमी. आधी एक कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू, असे दहा आघात, सिमेंटच्या कोब्यावर. रद्दीचा जुना खोका कडेवर पडताच आतून आवाज आला. नव्यात कोपरा चेपला, बाटल्या आणि झाकणं शाबूत राहिली.

लेबलाकडे गटानं फारसं लक्ष दिलं नव्हतं आणि मला तोच सगळ्यात मोठा तोटा वाटला. तीन बाटल्या फुटल्या, पण उरलेल्या नऊ काकवीनं माखल्या. त्या धुतल्या की कागदी लेबलावरची तारीख, बॅच आणि किंमत जाते, आणि त्याशिवाय दुकानात विकता येत नाही. वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार निव्वळ माप, कमाल किंमत, महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता हे सगळं वाचता आलं पाहिजे. म्हणून कागदाऐवजी पीपी (प्लास्टिक) फिल्मचं लेबल घेतलं आणि बॅच-तारीख काचेवर, झाकणाजवळ इंकजेटनं छापली.

काच सोडून पेट (PET प्लास्टिकचा) जार घेऊ का, असंही अक्कांनी विचारलं. गोव्यातल्या दुकानाच्या फळीवर काचच विकली जाते, काकवीचा रंग तिच्यातून दिसतो. पुणे-बंगळूरला कुरिअरनं एक-दोन बाटल्या जातात, तिथे मात्र पेट आणि इंडक्शन सील, म्हणजे जारच्या तोंडावर चिकटवलेली फॉइल. फक्त साध्या पेटमध्ये ८५ अंशांची काकवी ओतायची नाही, जार आकसतो. ५५ ते ६० पर्यंत निववून भरायची. त्यामुळे तिथे गरम भरण्याचा निर्जंतुक करणारा फायदा मिळत नाही, आणि त्या घाण्याचा ब्रिक्स आणखी काटेकोरपणे पाहावा लागतो.

खोके आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवतात. पावसाळ्यात आम्ही त्यांना पंधरवड्याला पुरेल एवढेच देतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.