आडाकाठचा तास

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेविषयी लिहा, असं पत्रात आहे. पण मी लिहायला बसलो की सरच समोर येतात, तेव्हा बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. आपल्याकडं नुसतं 'सर' म्हटलं की इंग्रजीचे सर, हे त्या काळच्या कुणाला सांगायला नको.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, गावोगाव मराठी शाळा निघाल्या, पण इंग्रजी आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. आम्हाला एबीसीडी भेटली ती थेट पाचवीत. त्यामुळं सर सांगतील तीच आमची इंग्रजी.

१९८४ साल, नववीचा वर्ग. उताऱ्यात एक वाक्य आलं: 'टिअर्स वेल्ड अप इन हर आइज.' सरांनी अर्थासाठी मला उभं केलं आणि मी अडलो. वेल म्हणजे चांगलं, हे पाठ होतं. वेल म्हणजे विहीर, हेही पाठ होतं. डोळ्यांत यातलं काय आलं, ते कळेना. पोरं हसली. सर हसले नाहीत. खडू ठेवून म्हणाले, "चल रे, आडाकडं." सगळा वर्ग मागं.

मार्चचे दिवस होते. मार्चमधला आपला आड आठवतो ना? पोहरा तळाला टेकला की खडकावर खडखडायचा. शिपाईमामांनी नुकतंच पाणी ओढून घेतलं होतं. सरांनी आम्हाला कठड्यावरून वाकून गप्प बघत राहायला सांगितलं. तळाशी एका कपारीत आधी ओला डाग दिसला, मग तो चकाकायला लागला आणि बघता बघता वाटीभर पाणी साचलं. कुणी बोलत नव्हतं. "आतून भरून वर येतंय, दिसलं? हे वेल. इथं ते क्रियापद. ज्या आडात ते येतं तोही वेल, पण तिथं नाम. आता सांग, तिच्या डोळ्यांत काय झालं?"

मी सांगितलं, "पाणी भरून आलं, सर." त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही जाणवतो. पुढं कितीतरी वर्षांनी एका जाडजूड शब्दकोशात वाचलं की विहीर आणि भरून येणं हे दोन्ही वेल एकाच मुळाचे, चांगलं या अर्थाचा वेल मात्र वेगळ्या मुळाचा, नुसता दिसायला सारखा. सरांनी त्या दिवशी नेमके तेच दोन एकत्र बांधले होते.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. 'द वेल इज राउंड', आड गोल आहे, इथं राउंड विशेषण. 'वॉक राउंड द वेल' म्हणत त्यांनी आम्हाला आडाभोवती चालायला लावलं, आता तोच शब्द आपल्या शब्दयोगी अव्ययाचं काम करायला लागला. 'टर्न राउंड' म्हटल्यावर सगळे गर्रकन वळलो, ते क्रियाविशेषण. रखवालदार रात्री राउंड मारतो ते नाम, आणि गाडी कोपरा वळून गेली तर 'राउंडेड द कॉर्नर', क्रियापद. एकच शब्द, पाच कामं.

"मराठी शब्द प्रत्ययावरून ओळखू येतो," सर म्हणाले. "इंग्रजीनं आपले बरेचसे प्रत्यय कधीच टाकून दिले. तिथं शब्द वाक्यात कुठं उभा आहे ते बघा." मग आपल्याही भाषेतलं दाखवलं: वर बघ, झाडावर बघ, आणि मुलगी बघायला आलेला वर. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी 'प्रेझेंट सर' म्हणालो, तर लगेच प्रश्न आला, "इथं प्रेझेंट कोण?" विशेषण, सर. भेटवस्तू असेल तर नाम. आणि उच्चाराचा जोर शेवटाकडं सरकला की क्रियापद.

व्याकरणात शब्दांच्या 'जाती' शिकवतात. सर तो शब्द टाळायचे. "शब्दाचं काम सांग," असंच विचारायचे. आमच्या वर्गात कोण कुठल्या वस्तीतून येतो हे गावाला तोंडपाठ होतं. सरांनी ते कधी कुणाला विचारलं नाही. त्या आडाच्या कठड्यावर आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून वाकलो होतो, हे मला फार नंतर उमगलं.

आज मी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठातल्या वकिलांसाठी कागदपत्रांचे अनुवाद करतो. तीस वर्षं होत आली. मागच्या महिन्यात भावकीच्या वाटणीचा एक इंग्रजी कागद आला, त्यात 'द लँड अॅज वेल अॅज द वेल' असं होतं. पहिला वेल दोन गोष्टी जोडतो, दुसऱ्या वेलची सातबाऱ्यावर नोंद असते. 'जमीन तसेच विहीर' असं लिहिताना पेन क्षणभर थांबलं. सर असते तर फोन केला असता.

दिवाळीत शाळेत येऊन गेलो. इमारत देखणी झाली आहे, संगणकाची खोलीही पाहिली. पण आडावर फरशी टाकून तिथं मोटारसायकली लावतात, ते बघवलं नाही. पाण्याला बोअर आहे, आडाची गरज उरली नाही, हे समजतं. तरी संस्थेला माझी हात जोडून विनंती आहे: ती फरशी काढून वर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे पोरांना वाकून तळ बघता येईल. जाळीचा सगळा खर्च मी देतो.