बाहेरून लागलेली कडी
विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचं नेपथ्य सोपं, असं ज्यांनी ते कधी लावलं नाही तेच म्हणतात. एक हॉल, दोन दारं, खुर्च्या. पण 1967मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात अर्धं काम बाहेरच्या दाराची कडी करते. एका गावात आलेली नाटकमंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला खेळते, आरोपी करते बेणारे या अविवाहित शिक्षिकेला, आणि खेळता खेळता तिला दिवस गेल्याचं उघडं पडतं. बेणारेचं बोट या कडीतच सापडतं, आणि कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं हे गावातला सामंत सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

प्रयोग कुडाळजवळच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये होता. दार आत उघडणारं ठेवलं, म्हणजे बेणारेला ते जीव खाऊन ओढता येतं. ओढल्यावर फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची खोटी भिंत, हलला की प्रेक्षक हसतात, म्हणून मागे दोन ब्रेस, म्हणजे तिरके टेकू, आणि प्रत्येकावर वीस किलो वाळूच्या पिशव्या. दमट हवेत प्लाय फुगतो, म्हणून चौकटीत 5 मिमी फट. कडीच्या कडा कानसीने घासल्या, बोटासाठी. दिवे तीनच. हजार वॅटचा एक दिवा सव्वाचारहून थोडे जास्त अँपिअर खातो आणि शाळेचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, 16चा.

संध्याकाळी कमिटीतले एक गृहस्थ मेकअप चालू असताना आले. "त्या पोराचा प्रकरण जरा कमी करशात? बायकापोरां येतली."

संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली, ऐनवेळी शब्द गाळता येत नाही, असं सांगून सुटलो. जत्रेतल्या दशावतारी खेळात संकासुराच्या चावट कोट्यांना हीच मंडळी पोराबाळांना मांडीवर घेऊन हसतात. तिथे बाईचा पार्ट पुरुष करतो आणि कोणाला पोट राहत नाही, म्हणून चालत असावं. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप आला तेव्हा हॉलमध्ये सगळ्यात मोठं हसू याच गृहस्थांचं होतं. मी विंगेतून बघितलं.

घोळ शेवटी झाला. बेणारेचं दार ओढून झालं, न्यायाधीश झालेल्या काशीकरांनी तिला बोलायला दिलेले दहा सेकंद झाले, स्वगत झालं, निकाल लागला. आता बाहेरून दार उघडून गावकरी डोकावतात आणि खेळ सुरू झाला का विचारतात. मी कडी ओढली. हलेना. लोखंडी कडी दोन दिवसांत गंजली होती आणि तिच्यावर मेणबत्ती घासायची राहिली होती. चूक माझीच. हातोडी मारली असती तर आवाज आत गेला असता. शेवटी नटांनी बंद दारातूनच वाक्य टाकलं. बाकीचे आतल्या खोलीत गेले, सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून गेला, बेणारे पडून राहिली. बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "अगो, कोणीतरी कडी काढा तिची."

टाळ्या उशिरा आल्या. दिग्दर्शकाला हा शेवट इतका आवडला की पुढेही दार बंदच ठेवू म्हणतो. मला पटत नाही. दार सहज उघडतं, माणसं काहीच न घडल्यासारखी आत डोकावतात, आणि तरी ती उठत नाही. अडकलेल्या दारात हे कुठे येतं?

पण ती बाई दार बंद राहिलं म्हणूनच बोलली, हेही खरं.

पितळी कडी आणून ठेवली आहे.