आण्णांची नजर आणि बँकेचा प्रश्न

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीत. आण्णांनी उभी केली, आता मी चालवते. कारभाराबरोबर एक गोष्टही माझ्याकडे आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, म्हणून लागलेला पोरगा, भाड्याची शेड, कोळशावरची कुपोला भट्टी, आणि नुसता ज्वाळेचा रंग बघून रस 'आता सोड' म्हणणारी आण्णांची नजर. ग्राहक येवोत, बँकवाले येवोत, कॉलेजची पोरं येवोत, मी हेच सांगायची. लोकांना आवडायचंही.

मग फर्नेस वाढवायला कर्ज काढायचं ठरलं. बँकेतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आण्णा आजारी पडले की भट्टी कोण बघतं?"

त्यांचं बरोबर होतं. एका माणसाच्या डोळ्यांवर चालणाऱ्या कारखान्याला लांब मुदतीचं कर्ज कोण देईल? मग मी बाकीच्या श्रोत्यांकडेही नीट बघू लागले. ट्रॅक्टरचे पार्ट घेणाऱ्या कंपनीच्या ऑडिटरला नजरेचं कौतुक नसतं, त्याला प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट हवा असतो, धातूत काय किती आहे ते सांगणारा. आणि नवीन लागणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांना 'आम्ही चटणी-भाकरीवर दिवस काढले' हे सांगितलं, की ती मनात म्हणणार, इथं पगारही तसाच असणार.

आमच्या भागात उद्योजक बोलायला उभा राहिला की किर्लोस्करवाडीला वळसा घालतोच, मीही घालते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक होते, 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान निघालं, मग लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी. भाषणांत बहुतेकदा फक्त जिद्द येते. मला त्यातली धंदा बदलण्याची हिंमत जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या गोष्टीत बदलाला अर्धं वाक्य होतं: 'पुढे कुपोला जाऊन इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, आला.'

त्या अर्ध्या वाक्यासाठी मी जुनी रिजेक्शन रजिस्टरं, खराब निघालेल्या मालाच्या नोंदी, काढून बसले. सोबत आमचे सगळ्यात जुने मोल्डर मामा, आणि लॅबमधला पोरगा. खरा मसाला तिथंच निघाला. कुपोलात कोक, चुनखडी आणि भंगाराचे थर घालायचे, बाकी अनुभवाचं काम. आम्ही साध्या ग्रे आयर्नवरून जास्त चिवट अशा एसजी आयर्नकडे (दोन्ही ओतीव लोखंडच) वळलो तेव्हा तो अनुभव पुरेना. एसजीसाठी वितळलेल्या लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम घातलं की काही मिनिटांत साचे भरून व्हावे लागतात, उशीर झाला की त्याचा असर उतरत जातो. आणि मॅग्नेशियम काही डोळ्यांना दिसत नाही. मामा म्हणायचे रस चांगला आहे, लॅबवाला म्हणायचा ओतू नका. रोज भांडण. शेवटी ओतण्याच्या लाइनवर मोठं घड्याळ लागलं आणि वेळ संपली की लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, रस परत भट्टीत, मग सांगणारा कुणी का असेना. तो नियम मालकालाही लागू, हे मामांनीच वदवून घेतलं.

बँकेपुढे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी हे सांगितलं, रजिस्टरची खराब महिन्यांची पानंही दाखवली. आण्णांना ते अजिबात रुचलं नाही. "पाहुण्यांसमोर घरातला केर काढतीस होय गं?" मी त्यांना पुढच्या महिन्यांची पानं उघडून दिली. ती बघून ते काही बोलले नाहीत, पण पटलं असंही नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, तोही भाग आता गोष्टीत आहे. तो मी सांगत नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं ते मेंटेनन्सवाले सांगतात, कारण त्यांच्या तोंडून ऐकताना नवीन पोरं प्रश्न विचारतात. मी सांगितलं की नुसत्या माना हलवतात.

आण्णांची मूळ गोष्ट कुठं गेली नाही. खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली की ते ती अख्खी सांगतात, एक वाक्य कापलेलं त्यांना चालत नाही, आणि त्या दिवशी कुणी कापूही नये.

सध्या अडलंय ते वाळूपाशी. परदेशी ग्राहक विचारतात, वापरलेल्या वाळूचं तुम्ही काय करता, वीज कुठली वापरता? याला आमच्याकडे अजून प्रसंग नाही, नुसत्या योजना आहेत. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्या रिक्लमेशन प्लँटची कोटेशनं आली आहेत. तो बसून चालू होईपर्यंत मी तेवढंच सांगते, की कोटेशनं आली आहेत.