तुम्ही विचारलंत म्हणून : विहिरीची वाट चुकते कशी?

चतुर्थीला डिचोलीच्या घरी माणसे जमली की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो : मोबाइलवर माणूस कुठल्या वळणावर आहे ते दिसते, मग तुमच्या तेलविहिरीची वाट चुकतेच कशी? "खाली जीपीएस चालत नाही," एवढेच सांगून मी आजवर विषय संपवत आलो. पण ते अर्धेच उत्तर आहे.

उपग्रहाचे संकेत खडकातून जात नाहीत, हे खरे. म्हणून बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, मागे बसवलेले उपकरण गुरुत्वाकर्षणावरून विहिरीचा कल आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तिची दिशा मोजते, आणि साधारण दर 30 मीटरला ती मापे (यालाच आम्ही सर्व्हे म्हणतो) मडमधील, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवातील, दाबाच्या स्पंदनांनी वर पाठवते. चुंबकीय मापन फार हळवे असते. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. आम्हीही उपकरण अचुंबकीय कॉलरमध्ये, म्हणजे चुंबकत्व नसलेल्या धातूच्या जाड नळीत, ठेवतो. तरुणपणी मी ठामपणे म्हणत असे की उपकरण चांगले असले म्हणजे झाले.

त्यानंतर समुद्रातली ती विहीर आली. नकाशाची उत्तर, म्हणजे त्यावरच्या उभ्या रेषांची दिशा, आणि खरी उत्तर एकच नसते. दोहोंतला कोन गोव्यात अर्ध्या अंशाहूनही कमी असला तरी तिथे तो 0.75 अंश होता आणि दिशेच्या आकड्यातून तो वजा करायचा होता. आमच्या तक्त्यात तो मिळवला गेला. चूक दीड अंशाची झाली. उपकरण बिनचूक मोजत होते, आम्ही प्रत्येक सर्व्हे आराखड्याशी जुळवत होतो, आणि दक्षिणेकडे निघालेली विहीर रोज थोडी थोडी पूर्वेला सरकत होती. केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळात, जायरो (चुंबकाच्या आधाराविना दिशा मोजणारे उपकरण) उतरवला तेव्हा ते उघड झाले : 1,000 मीटर आडव्या अंतरावर 26 मीटरचा फरक, आणि जिथे पोहोचायचे होते तो वाळूचा थर बाजूला राहिलेला. खालचा भाग सिमेंटने बंद करून नवी वाट खोदावी लागली.

तो तक्ता मी एकट्याने भरला नव्हता. त्यावर आणखी दोघांच्या सह्या होत्या, आणि हे मी चौकशीतही सांगितले. पण रात्रपाळीला तो कागद माझ्याच हातात होता, 0.75 च्या शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण मीच केली होती, आणि ती करताना मी आकडा तपासला, त्याच्या आधीचे चिन्ह तपासले नाही. आज ती खूण मला आकड्यापेक्षाही स्पष्ट आठवते.

आता मी प्रत्येक विहिरीला दिशेची सुधारणा दुसऱ्या माणसाकडून, माझा कागद न दाखवता, कोऱ्या पानावर मांडून घेतो. जायरो आधीच उतरवला असता तर चूक लवकर सापडली असती, असे सहकारी म्हणतात. ते खरे असेल. पण जायरोवाल्यांनी त्या दिवशी उत्तरेची सुधारणा आमच्याच तक्त्यातून उचलली असती, तर दोन्ही सर्व्हे एकमेकांशी तंतोतंत जुळले असते आणि मी ते आनंदाने मान्य केले असते.